रिकाम्या खुर्च्यांचा खेळ

रोइ एतच्या बाहेर, भातखाचरं संपतात तिथे
एक घुमटी आहे, माणूस वाकून जाईल एवढी.
तिच्यासमोर मी पडदा बांधतो, दोन बांबू, चार दोर,
आणि वीस खुर्च्या मांडतो, लाल, प्लास्टिकच्या.
प्रेक्षक येत नाहीत. यायचे नसतातच.
कुणाला लॉटरी लागते,
कुणाचा पोरगा सैन्यभरतीच्या चिठ्ठीतून सुटतो,
मग नवस फेडायला इथल्या न दिसणाऱ्या मंडळींना
सिनेमा दाखवतात. मी भाड्याचा माणूस.
नियम एकच: सुरू झालेला खेळ मध्येच थांबवायचा नाही.

आजवर मारामारीचे दाखवले, विनोदी दाखवले.
भुताचा कधीच नाही.
भुतांना भुताचा सिनेमा म्हणजे
कोळ्याच्या दारात मासे विकायला जाणं.
पण नूडल्सवाल्या बुन्सीबाईंच्या स्वप्नात आले म्हणे ते,
म्हणाले, यंदा जरा घाबरवा आम्हाला.

आई गाडीत. घरी एकटी ठेवता येत नाही आता.
लमून. जुन्या लोकांना विचारा हे नाव.
सिनेमा मुका यायचा तेव्हा, सोळा मिलिमीटरचा,
आणि ही यंत्राशेजारी माइक धरून बसायची,
पेल्यात कोमट मिठाचं पाणी, मांडीवर मी.
नायक ती, सासू ती, भिक्षू ती, कुत्रा ती,
आणि केळीच्या बनातून केस सोडून येणारी
तीही तीच.
तेव्हाची भुतं गरीब होती. पीठ फासलेली.
एकीच्या हातातलं घड्याळ काढायचं राहिलेलं,
अख्ख्या गावाला दिसायचं ते.
तरी आईनं श्वास आत ओढला की
बाप्यांची बोबडी वळायची,
पोरं लघवीला जोडीजोडीनं जायची.
मी नाही घाबरलो कधी.
किंकाळीच्या आधी माझ्या पाठीला टेकलेलं तिचं पोट
घट्ट व्हायचं.
मला आधीच कळायचं.

मग सिनेमे स्वतःच बोलायला लागले,
आणि आई बाजारात पपया विकायला.

आजचा सिनेमा डब्यातून नाही, खिशातून आला.
यात भूत दिसतच नाही. बराच वेळ एक दार दिसतं.
मग कानठळ्या. मग पुन्हा दार.
घुमटीमागचं कुत्रं शेपूट घालून पळालं.
खुर्च्या हलल्या नाहीत.

अर्ध्यावर फ्यूज गेला कर्ण्याचा.
चित्र चालू, आवाज बंद.
मी वाकून तारा चाचपतोय, तेवढ्यात मागून
पंचविशीतली एक बाई म्हणाली,
"कोण आहे दारात? वारा का?"

आई. पहिल्या रांगेत, चौथी खुर्ची.
तोंडाशी धरलेला बंद टॉर्च.

ते नवं भूत जिन्यावरून उलटं उतरत होतं, मान मोडलेली,
आणि ती त्याच्या तोंडून बोलत होती,
"भात खाल्लास का? किती उशीर.
तुझ्या वाटणीचं झाकून ठेवलंय."
पडद्यावर नायिकेनं जबडा फाटेस्तोवर तोंड उघडलं.
आता, मी म्हटलं मनात, आता.
आई हळूच म्हणाली, "आले. हात धुते."

नावं वर सरकायला लागली.
मी म्हटलं, चल आई.
तिनं बघितलं माझ्याकडे. नायकाचा आवाज लावला,
घोगरा, रुबाबदार:
"कोण तू? या गावचा दिसत नाहीस."

मधे हातभर अंतर होतं.
मला आधी काहीच कळलं नव्हतं.

"गाडीवाला," मी म्हटलं. "तुम्हाला घरी सोडायला आलोय."
तिनं मान डोलावली. संवाद बरोबर होता बहुतेक.

खुर्च्या एकात एक रचल्या. एकोणीस.
विसावीत ती, टॉर्च मांडीवर,
पुढच्या रिळाची वाट बघत.
पडदा मी थोडा वेळ तसाच राहू दिला.